नावाच्या जागी चार सेकंद

ज्या संस्थेच्या ध्वनिसंग्रहापासून हे सुरू झाले तिचे नाव मी इथे घेत नाही. तिची अब्रू राखावी असा हेतू नाही. तिला ती आहे असे मला आढळलेले नाही. नावे न घेण्याची मला जुनी सवय आहे, आणि ती सवय कुठवर गेली तेच सांगायचे आहे.

१९९३ साली सायबेरियात, बैकल सरोवराच्या पूर्वेला, बार्गुझिनच्या खोऱ्यात, मी बुर्यात जमातीच्या एका म्हातारीकडून आत्म्याला परत बोलावण्याचा मंत्र ध्वनिमुद्रित केला. तिचा नातू घोड्यावरून पडला होता. हाड मोडले नव्हते, पण तो बसल्या जागी बसून राहू लागला. माणूस दचकला की त्याचा आत्मा अंगाबाहेर पडतो आणि वाट चुकतो, अशी तिथली समजूत. मग घरच्या कोणीतरी दार उघडे ठेवायचे, त्याचा अंगरखा आणि कोमट दुधाची वाटी हातात घ्यायची, आणि हाक मारायची: तुझा घोडा खोळंबला आहे, तुझ्या आईने तापवलेले दूध निवते आहे, आ खुरुय, ये. आणि नाव. असे सात वेळा. आजारी माणूस रडला की आत्मा घरी आला.

नातू रडला. मी वहीत ‘भावनिक विरेचन’ असे लिहिले. अडतिसाव्या वर्षी माणसाला सगळ्यासाठी शब्द सापडतात. निघताना म्हातारी म्हणाली, “बिननावाची हाक मारू नकोस. ऐकणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेकांना घर नसते.” तेही लिहून घेतले, तळटीप म्हणून.

गेल्या वर्षी संस्थेने त्या फितीचे डिजिटल रूप तयार केले. ते काम तिथल्या तरुण राफाएलकडे होते. त्याचे आजी-आजोबा मुंबईचे, मराठी बोलणारे यहुदी. त्याचे मराठी आजीकडून आलेले आणि अर्ध्या वाटेवर थांबलेले.

“राफाएल, नाव कुठे गेलं?” मी फोनवर विचारले. सातही ठिकाणी नावाऐवजी चार सेकंदांची शांतता होती.

“आँटी, ते पर्सनल डेटा आहे ना. त्या मुलाचा कन्सेंट फॉर्म नाही आपल्याकडे.”

“आजी नातवाला हाक मारते आहे. त्याचा बँक खात्याचा क्रमांक सांगत नाही.”

“माझा डिसिजन नाही, आपल्या एथिक्स पॅनेलचा आहे. पण मी बीप नाही टाकला. सायलेन्स टाकला. मोर रिस्पेक्टफुल.”

“पाकिटावरचा पत्ता खोडलास आणि पत्र पेटीत टाकलंस. ते कुणाकडे जाईल?”

“तुम्ही हे बिलीव्ह करता?” तो हसला. “माझी आजी पण मीठ-मोहऱ्या ओवाळायची. क्रॉयडनला व्हिसा इंटरव्ह्यू होता ना, तिथे बाहेर, फुटपाथवर! सिक्युरिटीवाला घाबरला.”

“तिने तुझं नाव घेतलं होतं की ‘संबंधित व्यक्ती’ म्हटलं होतं?”

मी पॅनेलला अकरा पानी हरकत पाठवली. पॅनेलने दोन ओळींत आभार मानले.

माझा डावा कान आता गेला आहे. म्हणून ते मुद्रण तपासायला माझे यजमान बसले. लंडनच्या पिनर भागातल्या आमच्या घरात, हेडफोन लावून, अकरा दिवस. ते निवृत्त भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नावाने हाक मारत राहायचे, तो ओ देईपर्यंत, हे त्यांनी या देशात चाळीस वर्षे केले. बाराव्या दिवशी दुपारी ते बूट घालून मागच्या दारात उभे राहिलेले दिसले.

“अहो, कुठे निघालात?”

“कुणीतरी बोलावतंय,” ते म्हणाले, आणि त्यानंतर काहीच म्हणाले नाहीत. भरवले तर जेवत. बसवले तर बसत. मेंदूचे स्कॅन झाले, रक्त तपासले. सगळे अहवाल निर्दोष. माझा माणूस तेवढा त्यात नव्हता.

तीन आठवड्यांनी मी ते केले, जे माझ्या मानववंशशास्त्रात कुणी केले असते तर मी त्याची परीक्षणात चिरफाड केली असती. नोव्हेंबरची चार वाजताची वेळ, उजेड उतरत होता. मागचे दार उघडले. त्यांचा राखाडी स्वेटर आणि दुधाची वाटी हातात घेतली. बुर्यात मंत्र मला पाठ होता. नावाच्या जागी आल्यावर जीभ आपल्या सवयीने वळली.

चव्वेचाळीस वर्षांत मी त्यांचे नाव एकदाच घेतले आहे, लग्नात, उखाण्यात, तेही पाठ करून. स्त्रियांच्या मौनावर मी तीन विद्यापीठांत व्याख्याने दिली आणि घरी येऊन ‘अहो’ म्हटले.

“आ खुरुय,” मी म्हणाले. “अहो, या.” सात वेळा.

ते रडले. मीही रडले. विरेचन वगैरे काही लिहिले नाही.

त्यानंतर घर भरले. ते बोलू लागले, हसू लागले. फक्त चहा सोडला, कोमट दूध मागू लागले. कपाटे उघडून प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहायचे. तिसऱ्या दिवशी जिन्यात थांबून म्हणाले, “छान आहे घर. ऊबदार आहे.”

मी ते ऐकले आणि सोडून दिले.

आठव्या दिवशी दवाखान्यात नर्सने त्यांचे नाव पुकारले. ते माशांच्या टाकीकडे पाहत राहिले. तिने पुन्हा पुकारले, मग तिसऱ्यांदा. मी हळूच म्हणाले, “अहो.” ते तत्काळ वळले.

पॅनेलने एका मुलाचे नाव खोडले म्हणून मी अकरा पाने संताप केला होता. नवऱ्याचे नाव मी स्वतःच गाळले होते, आणि त्यावर हरकतीची एक ओळही लिहिली नव्हती.

घरी येऊन मी मागचे दार सताड उघडले, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि मुद्रण लावले. माझ्या नवऱ्याच्या अंगात आलेला तो समोर बसून दूध पीत होता. म्हातारीचा आवाज आला: तुझा घोडा खोळंबला आहे, आ खुरुय. मग शांतता. पहिल्या वेळी ओठ हललेच नाहीत. दुसऱ्या वेळी मी म्हणाले, “शशी.”

त्या चार सेकंदांत, फार लांबून, लॅपटॉपमधून, माझ्या नवऱ्याने ओ दिली.

“कुणाला हाक मारतेस?” समोरच्याने वाटी खाली ठेवून विचारले. खरोखरच त्याला ठाऊक नव्हते.

“शशी.” तिसऱ्या वेळी ओ जरा जवळून आली. चौथ्या वेळी तिला धाप लागली होती. पाचव्या वेळी ती लॅपटॉपमधून आली नाही. ती बागेपलीकडच्या गल्लीतून आली. सहाव्या वेळी फाटकाची कडी वाजली.

तो उठला. घाई न करता मागच्या दाराशी गेला, ते लावून घेतले, वरचा अडसर सरकवला.

“थंडी येते आत,” तो म्हणाला.

“शशी!”

सातव्या वेळी ओ दाराच्या काचेपलीकडून आली, आणि तिच्यासोबत बोटांची टकटक. त्याने दाराला पाठ लावली आणि माझ्याकडे पाहत राहिला, मायेने म्हणावे तसा.

“अगं, बंद कर ते आता.”

मुद्रण संपले. मी ते पुन्हा सुरुवातीला नेले, वाटीतले उरलेले दूध हातात घेतले आणि अडसर काढायला त्याच्या दिशेने चालू लागले.