रंग गडद झाला

प्रयोगाच्या आदल्या दिवशीच निरीक्षणासकट जर्नल लिहून टाकायचं, हा कोथरूडच्या त्या ज्युनिअर कॉलेजातला शिरस्ता होता. मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल मिळवायचं आणि डोळे मिटून उतरवायचं. सुहासिनी मॅडम बारा वर्षं तिथं केमिस्ट्री शिकवत होत्या आणि बारा वर्षं या शिरस्त्यावर दातओठ खात होत्या.

आज सह्यांचा शेवटचा दिवस. सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. समोर बावीस जर्नलं होती आणि बावीसही जर्नलांत एकच वाक्य होतं: ‘गरम केल्यावर लाल रंग गडद झाला.’

मॅडमचं डोकंच फिरलं. हा लाल रंग तयार होताना उष्णता बाहेर पडते. म्हणून तापवलं की क्रिया उलटी फिरते, समतोल मागे सरकतो आणि रंग फिका पडतो. थंड केलं की परत गडद. फळ्यावर चारदा लिहून दिलं होतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत पिटाळलं. आधी डोळ्यांनी बघा, मग लिहा, तोवर एकही सही होणार नाही, असं बजावलं. केयूरने क्लासची वेळ झाल्याचं सांगून पाहिलं.

“क्लासला सांग, कॉलेजात शिकत होतो,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनाही नवल वाटेल.”

परीक्षानळ्या गरम पाण्यात गेल्या. लाल द्रव नारिंगी झाला, मग पिवळट. बर्फात ठेवल्यावर हळूहळू पुन्हा लाल.

सलोनीच्या जर्नलात मात्र ‘गडद’ या शब्दाखाली व्हाइटनरचा थर होता. पान उजेडात धरल्यावर खालचा शब्द दिसला: फिका. म्हणजे हिने प्रयोग केला होता, बरोबर लिहिलं होतं आणि मग पुसलं होतं. मॅडमना तर याचाच जास्त संताप आला. त्यांनी जाब विचारला.

सलोनीने बॅगेतून एक जुनं जर्नल काढलं. तिच्या बहिणीचं, सुरुचीचं. वर्गाने उतरवलं होतं ते हेच.

“ताईने फिका लिहिलं होतं, मॅडम. तुम्ही खोडून गडद केलंय. अर्धा मार्कपण कापलाय.”

लाल शाई, अक्षर आणि सही, तिन्ही त्यांचीच होती. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी एका बैठकीत साठ जर्नलं हातावेगळी केली होती. इतर सगळ्यांचं गडद, म्हणून हिचंही गडद. त्यांनीही डोळे मिटूनच उतरवलं होतं. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग? ताई काय म्हणाली?”

“म्हणाली, दिसेल ते लिहीत बसू नकोस. मॅडमना हवं ते लिही.”

मॅडमनी लाल पेन काढलं, सुरुचीच्या पानावरचा स्वतःचा शब्द खोडला आणि खाली आजची तारीख घातली. मग सुरुची सध्या काय करते, असं हळूच विचारलं.

“बी.कॉम.”

नळीतला रंग तोवर पुरता लाल झाला होता.

“तिला फोन लाव,” मॅडम म्हणाल्या. “इथंच, सगळ्यांसमोर.”