शवपेटीतली दिग्दर्शिका

ट्रूडी हॅलोरन सकाळपासून मेली होती. स्वतः लिहिलेल्या, स्वतः दिग्दर्शित केलेल्या सिनेमात बाईने स्वतःसाठी राखून ठेवली ती नेमकी मढ्याची भूमिका! वीस वर्षं हॉलिवूडमध्ये नायिकेच्या मैत्रिणी आणि मांजरांच्या खाण्याच्या जाहिराती केल्यावर माणसाला निवांत पडून राहावंसं वाटलं तर नवल नाही.

पण निवांतपणा कसला? शेवटचा प्रसंग काही जमत नव्हता. तो बिघडला की अख्खा सिनेमा पाण्यात, आणि मग पुढचा तिला कोणी करू देणार नव्हतं. शूटिंगसाठी चर्च संध्याकाळी पाचपर्यंतच मिळालं होतं. पेटीशेजारी रडणारा नवरा होता वेंडेल, खऱ्या आयुष्यातला तिचा माजी नवरा. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला होता.

"वेंडेल, तू रडतोयस की शिंकतोयस?" अकराव्या टेकनंतर पेटीतून आवाज आला. "पाठ केलेलं सोड रे बाबा. बायकोला जन्मात सांगितलं नाहीस असं काहीतरी बोल."

"काहीही?"

"काहीही. मी कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

तिच्या सेटवरचा कायदाच होता तो. पहिल्या सिनेमात निर्मात्याने तिचा उत्तम टेक मध्येच तोडला, तेव्हापासून कट फक्त ट्रूडी म्हणायची.

कॅमेरा सुरू झाला. तिने डोळे मिटून श्वास रोखला.

"आपण सिल्व्हर लेकला राहत होतो ना," वेंडेल हळूच म्हणाला, "तेव्हा स्टुडिओतून फोन आला होता. मुख्य भूमिका तुलाच दिली होती त्यांनी. मी सांगितलं, तिने काम सोडलंय. मला भीती वाटली गं. तू पुढे जाशील, मी मागे राहीन."

ट्रूडीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या फोनची तिने महिनाभर वाट पाहिली होती आणि मग आपल्यातच काही नाही असं समजून मांजरांकडे वळली होती. उठावं आणि पेटीचं झाकण याच्या टाळक्यात घालावं! पण त्याचा आवाज फुटला होता, दिवेवाला मुसमुसत होता. असा टेक पुन्हा मिळत नाही. मढं मढ्यासारखं पडून राहिलं.

वेंडेलची पावलं दाराकडे गेली. तिने मनात पाच आकडे मोजले.

"कट."

ती उठून बसली. सगळे डोळे पुसत होते. वेंडेल धावत पेटीशी आला.

"ट्रूडी, मला माफ..."

"कॅमेरा जवळ घ्या," ती म्हणाली. "आता फक्त याचं तोंड. तेच बोल, वेंडेल, शब्दन् शब्द. पाचपर्यंत चर्च आपलंच आहे."