खोडरबर

सवयीनं तिचा हात चाललाच होता. पडद्यावर मॉडेलचं पोट मोठं करून घेतलेलं, आणि इलॅस्टिकचा जो वळ बेंबीखाली उठला होता तो ती कडेकडेनं बुजवत होती. तेवढ्यात दाढीवाल्यानं मागून तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, थांबा. या वेळी पुसायचं नाहीये."

"मग?"

"काढायचंय."

दाढीवाला म्हणजे स्टुडिओचा कलादिग्दर्शक. त्याला समोरून सर म्हणत आणि मागून दाढीवाला. तिला समोरून ताई म्हणत आणि मागून खोडरबर. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असंही तिला वाटत नसे. जाहिरातींचे फोटो स्वच्छ करणं हेच तिचं काम. तिच्या हाताखालून गेलेल्या बायकांना कधी घाम आला नव्हता, कधी डास चावला नव्हता, आणि बाळंतपण तर कुणाचं झालंच नव्हतं.

आता मात्र वारं फिरलं होतं. बायकांचे आतले कपडे बनवणाऱ्या एका कंपनीला खऱ्या बायका हव्या होत्या. जाहिरातीखाली ओळ यायची होती, 'जशी आहेस तशी'. त्यासाठी खऱ्या बायका बोलावल्याही होत्या. जिना भरून आल्या. त्यांतली एक शाळेतली बाई फार छान हसायची, पण कंपनीच्या मॅडमना तिचा चेहरा बसेना. दुसरीचे दंड बसेनात. शेवटी नेहमीचीच मॉडेल घेतली, विशीतली, संगमरवरासारखी गुळगुळीत. थोडक्यात काय, खऱ्या बाईचं पोट तेवढं हवं होतं, खरी बाई नको होती.

"प्रसूतीनंतरच्या खुणा टाका पोटावर," दाढीवाला म्हणाला. "नेटवरून उचलू नका, हक्कांची भानगड होते. तुमच्याकडे कातडीचा साठा असेलच की."

साठा होता. फोटो दुरुस्त करणारा प्रत्येक रिटचर ठेवतो तसे तिनंही चांगल्या कातडीचे तुकडे जपून ठेवले होते, ठिगळाला कामी येतात म्हणून. गळ्याचे, खांद्याचे, मांडीचे. दुपारभर ती ते उघडून बघत बसली. सगळे स्वच्छ. जन्मभर ज्या खुणा पुसल्या त्यांतली एकही तिनं ठेवली नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं खिडकीचा पडदा ओढला. समोर नुसती भिंत होती, तरी ओढला. कपाटाच्या आरशापुढे उभी राहून तिनं कुर्ता वर करून हनुवटीखाली दाबला आणि स्टुडिओतून आणलेला कॅमेरा छातीशी धरला. असा फोटो काढायला खरं तर दुसरं माणूस लागतं. ते नव्हतं, म्हणून आरसा.

खुणा होत्या तिथंच होत्या. कधीकाळी जांभळ्या होत्या, आता पांढुरक्या झालेल्या, तिरक्या उन्हासारख्या लकाकणाऱ्या. बहुतेक बेंबीखाली दाटीनं बसलेल्या. एक मात्र डाव्या कमरेपासून निघून वळसा घेत बेंबीपर्यंत आली होती. ती अगदी शेवटच्या महिन्यात उमटली होती. तेव्हा नवरा त्या रेघेवरून बोट फिरवून म्हणाला होता, "हिला बाहेर यायची घाई झालीय, रस्ता आखतेय."

मुलगीच झाली. पण ती रडली नाही. नर्सनं तिला पालथी केली, पाठीवर थापट्या मारल्या, डॉक्टरीणबाई धावत आल्या, आणि तरी ती रडली नाही.

नंतर सगळेच हिला म्हणाले, 'विसर.' सासूबाईंनी झबली कुणाला तरी देऊन टाकली. नवरा वाईट नव्हता, फक्त त्या दिवसापासून गप्प झाला, आणि गप्प राहतच एक दिवस वेगळा झाला. मूलबाळ किती, असं कुणी विचारलं की ती 'नाही' म्हणायची. समोरचं माणूस 'अच्छा' म्हणून विषय बदलायचं. नाव ठेवलं नव्हतं, फोटो काढला नव्हता. ती मुलगी होऊन गेली याला पुरावा म्हणून जगात आता एवढं एक पोटच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते मॉडेलच्या पोटावर बसवलं. रंग जुळवला, उजेड जुळवला, श्वासानं कातडी जिथं ताणते तिथं रेघाही ताणल्या. इतकं जीव ओतून तिनं कुठलंच काम केलं नव्हतं. आरशातला फोटो उलटा येतो, तो आधी सरळ करून घ्यायचा असतो, हे शिकाऊ माणसालाही कळतं. नेमकं तेच ती विसरली.

दाढीवाला पडद्याजवळ वाकला. "कुठून आणलंत हे?"

"साठ्यातून."

कंपनीच्या मॅडम दुपारी आल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"छान आहे. पण फार खरं झालंय."

"खरंच हवं होतं ना?" दाढीवाला म्हणाला.

"हवंय. पण बघणारीला बरं वाटलं पाहिजे, तिला घाबरवायचं नाहीये आपल्याला." मॅडम तिच्याकडे वळल्या. "या खालच्या सगळ्या पुसा. नाजूक अशा दोन-तीन ठेवा. जमेल ना ताई?"

"जमेल," ती म्हणाली. न जमायला काय झालं होतं? तिचा जन्म त्यातच गेला होता.

ती पुसायला बसली. दुसऱ्या कुणाचं पोट असतं तर हसत-बोलत, चहा पीत झालं असतं. आज तिचा चहा निवला. एकेक रेघ कातडीत मिसळत गेली आणि खाली काही नव्हतंच असं दिसू लागलं. मॅडम मागे उभ्या राहून "ही पण, ही पण" म्हणत होत्या. मग त्यांचं बोट त्या लांब रेघेवर आलं.

"ही राहील," ती म्हणाली.

आवाज जरा चढलाच असावा, कारण दाढीवाल्यानं फोनमधून मान वर काढली. खोडरबरनं आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

मॅडमनी बोट मागे घेतलं. "बरं. नाहीतरी दिसायला चांगली आहे," त्या म्हणाल्या.

महिनाभरानं बसथांब्यासमोरच्या इमारतीवर ते पोट लागलं, तीन मजले उंच. कामावरून परतताना तिनं वर पाहिलं आणि चूक तिला तिथं कळली. रेघ उलट्या बाजूला होती. म्हणजे रोज अंघोळीनंतर आरशात दिसते, नेमक्या त्याच बाजूला. खालून बसेस जात होत्या, माणसं जात होती, आणि ती मात्र आपल्या कपाटासमोर उभी असल्यासारखी उभी होती.

"खोटं आहे हो सगळं," शेजारची बाई म्हणाली. तिच्या खांद्यावर तान्हं बाळ होतं आणि पायाशी फुगलेली पिशवी. "वरून काढतात या रेघा. तीन रेघांवर बाळंतपणातून कुणाची सुटका होते का?"

"नाही होत."

बाई हसली. "तुम्हाला ठाऊक असणारच. किती मुलं तुम्हाला?"

उत्तर ओठांवर तयार होतं, घासून घासून गुळगुळीत झालेलं. तिनं पुन्हा एकदा वर पाहिलं.

"एक," ती म्हणाली. "मुलगी."

एवढ्यात बाळ जागं झालं आणि त्यानं जो सूर लावला तो थांब्यावरच्या सगळ्यांनी मान वळवून ऐकला. बाई त्याला थोपटू लागली, या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊ लागली.

"दिवसभर हेच. जीव नकोसा करतो अगदी. तुमची पण अशीच रडायची का?"

इतक्या वर्षांत तिच्या मुलीबद्दल कुणी काही विचारलं, ते हे पहिल्यांदाच.

"नाही," ती म्हणाली. "ती अगदी शांत होती."

"नशीबवान आहात."

बस आली. बाईचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून पिशवी तिनं उचलून आत दिली. बाळाचं रडणं बसबरोबर दूर जात राहिलं, आणि ऐकू येत होतं तोवर ती ऐकत उभी राहिली.