चौऱ्याहत्तरच्या आधी

लोइझोसचा इतिहास एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जुलैत सुरू व्हायचा आणि राझियेचा त्रेसष्टच्या डिसेंबरात. त्याआधी निकोसियात ग्रीक आणि तुर्क सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, असं दोघंही छातीठोकपणे सांगत. त्रेसष्टला काही घडलं होतं, याचा लोइझोसच्या सांगण्यात पत्ता नसे. राझियेच्या सांगण्यात चौऱ्याहत्तरला तुर्कस्तानचं सैन्य पाहुण्यासारखं येई, शांतता आणून देई आणि विषय संपे. पर्यटक मात्र तेच असत. दहा ते पावणेबारा लोइझोसचे, पावणेबारा ते दोन राझियेचे. शहराच्या ग्रीक दक्षिणेच्या परवान्यावर तुर्की उत्तरेत गाईडगिरी करता येत नाही, उत्तरेच्या परवान्याला दक्षिणेत कोणी हिंग लावून विचारत नाही, म्हणून ही वाटणी. एका तिकिटात दोन शहरं आणि दोन इतिहास. त्यातला कोणता घरी न्यायचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

सोपवासोपवी मधल्या पट्ट्यात होई. दक्षिणेची चौकी मागे टाकली आणि उत्तरेची अजून आली नाही, अशी तिथे पन्नास-साठ पावलांची कोणाचीच नसलेली जागा आहे. दोन्हीकडच्या घरांच्या खिडक्या पन्नास वर्षं विटांनी बुजवलेल्या, आणि ते फार वाईट दिसू नये म्हणून पालिकेने कुंड्या ठेवलेल्या. त्या कुंड्यांपाशी लोइझोस माणसं मोजून द्यायचा आणि राझिये मोजून घ्यायची.

"सतरा."

"सतरा मिळाले. कालच्यातला एक जर्मन तू वाकडा पाठवलास. सारखा भांडत होता."

"इकडून सरळच गेला होता. तुझी कॉफी पिऊन बिघडला."

सोळा वर्षांत त्यांचं याहून जास्त बोलणं झालं नव्हतं. तेही इंग्रजीत, म्हणजे ज्यांना दोघंही रोज आपापल्या बाजूला शिव्या घालत त्यांच्या भाषेत.

माणसं मोजून द्यायच्या आधी, तिथेच कुंड्यांपाशी, लोइझोस खिशातून एक फोटो काढायचा. काळापांढरा, कडा झिजलेल्या. त्याचा थोरला भाऊ एव्हागोरस, वय वीस. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये शहराच्या उत्तरेला, विटांच्या भट्टीपलीकडच्या वस्तीत कोणीतरी त्याला शेवटचं पाहिलं. नंतर जिवंत नाही, मेलेला नाही, हाडंही नाहीत. आई क्रिस्टाला आधी तीस वर्षं चौकीवर इतर बायकांबरोबर हाच फोटो छातीशी धरून उभी राहिली. आता ब्याण्णवची झाली, पाय चालेनात, म्हणून फोटो लोइझोसकडे आला. "ह्याचं नाव पलीकडे घ्या," तो पर्यटकांना सांगायचा. "चहा पिताना, दुकानात, कुठेही घ्या. तिकडे कोणी म्हातारा ऐकेल, त्याला काही आठवेल." लोकांना वाटे, गाईडने शेवटी डोळ्यांत पाणी आणायची सोय ठेवली आहे. लोइझोसला तसं वाटत असतं तर बरं झालं असतं. त्याच्या मते सगळी सहल ह्या दोन मिनिटांसाठीच होती. आधीचा पावणेदोन तासांचा तट, बुरूज आणि चर्च हा नुसता पोस्टाचा खर्च होता. आई जाण्याआधी तो कुठे आहे एवढं कळावं, बाकी त्याला काही नको होतं.

तो फोटो काढायचा तेव्हा राझिये शिष्टाचाराने पाठ फिरवायची आणि फोन कानाला लावायची. फोनवर कोणी नसे, हे लोइझोसलाही माहीत होतं.

तिच्या वडिलांबद्दल ती पलीकडे गेल्यावर पर्यटकांना सांगे; त्याला कळलं ते त्यातल्याच एका डेन्मार्कच्या बाईंकडून. त्रेसष्टच्या नाताळात ते कामाला गेले आणि परत आले नाहीत. बारा वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या कोणीतरी, नाव न सांगता, एक विहीर दाखवली, आणि राझियेला वडील एका लहानशा पेटीत परत मिळाले. हे ऐकून लोइझोसला वाईट वाटलं आणि हेवाही वाटला. ज्या शहरात बापाच्या हाडांचा हेवा करतात त्या शहरात पर्यटक का येतात, हे त्याला कधी कळलं नाही. राझियेशी मात्र तो यावर चकार शब्द बोलला नाही. तिला एव्हागोरसबद्दल कळलं तेही अशाच कोणा पर्यटकाकडून. तीही मूग गिळून होती.

मग पान्देलिसच्या डोक्यात प्रकाश पडला. पान्देलिस म्हणजे सहल कंपनीचा मालक, लोइझोसच्या चुलत भावाचा मुलगा, वय चौतीस, दात फार पांढरे.

"काका, लोकांच्या तक्रारी वाचा," तो म्हणाला. "एकजण लिहितो, एकाच दिवसात दोन युद्धं झाली आणि दोन्हींत समोरच्याचीच चूक होती. एक बाई लिहितात, जेवणाआधी रडले, जेवणानंतर परत रडले. काका, लोक सुट्टीला येतात, सुतकाला नाही."

"मग काय नाचू?"

"तुम्ही आणि राझियेबाई बसा आणि एकच मजकूर लिहून द्या. दोघांनी तोच बोलायचा. नाहीतर मी कानात घालायची यंत्रं आणतो. सात भाषा बोलतात, पगार मागत नाहीत आणि त्यांचं कोणी मेलेलं नसतं."

लोइझोसने मनात हिशोब केला. यंत्र आलं की कुंड्यांपाशी उभं राहायचं कारण संपलं, आणि एव्हागोरसचं नाव पलीकडे न्यायला कोणी उरलं नाही. उद्या आईला सांगायचं तरी काय, की तुझ्या मुलाचा शोध आता सात भाषांत बंद आहे?

मधल्या पट्ट्यातच जुन्या हॉटेलाजवळ एक कॅफे आहे. तिथे सलोखा करायला परदेशातून माणसं येतात, त्यामुळे केक चांगला मिळतो. दोघं तिथे बसली. पहिला अर्धा तास कॉफीच्या नावावर गेला. तो ग्रीक म्हणे, ती तुर्की म्हणे, आणि वेटर म्हणाला की आमच्याकडे एकच भांडं आहे. शेवटी मजकुरात 'गरम पेय' असं लिहिलं. बुरुजांच्या नावांवर एक तास. मोठ्या चर्चची मशीद 'केली' की 'झाली' यावर दीड. मग त्यांना व्हेनिसवाले सापडले. तट त्यांनी बांधला, चांगला बांधला, आणि त्यांना जाऊन साडेचारशे वर्षं झाल्यामुळे ते तक्रार करायला येणार नव्हते. व्हेनिसवाल्यांना तीन पानं मिळाली. पुढचा सगळा दोष इंग्रजांवर टाकण्याबाबत दोघांचं इतकं एकमत झालं की राझियेने आणखी एक केक मागवला.

"आता कुंड्यांपाशी काय?" लोइझोसने विचारलं.

राझियेने चमचा खाली ठेवला. "तुझा फोटो राहिला तर माझी विहीरही राहील. आणि ती दोन्ही एका कागदावर बसायची नाहीत. तुला ठाऊक आहे."

"पान्देलिस म्हणेल, दोन्ही नकोत."

"मग दोन्ही नाहीत."

तिने पेन घेतलं आणि लिहिलं: 'इथे पाच मिनिटं विश्रांती.' त्रेसष्ट आणि चौऱ्याहत्तर, दोघांना मिळून पाच मिनिटं. खाली दोघांनी सह्या केल्या. इतक्या वर्षांत मोठमोठे पुढारी विमानाने जाऊन जे करू शकले नाहीत ते ह्या दोघांनी दोन केकमध्ये केलं होतं, आणि लोइझोसने फोटो खिशात आणखी खोल सारला.

सोमवारी मजकुराची पहिली फेरी निघाली. सतरा माणसं आणि अठरावा पान्देलिस, स्वतः तपासणीला. लोइझोसने व्हेनिसवाल्यांची तीन पानं म्हटली. लोक खूश होते. एका इंग्रज गृहस्थांनी इंग्रजांबद्दलचा भाग ऐकताना कपाळाला आठ्या घातल्या, पण त्यांचीही सुट्टीच होती. पावणेबाराला सगळे कुंड्यांपाशी पोचले. पान्देलिसने अंगठा वर करून दाखवला.

"इथे," लोइझोसने कागद वाचला, "पाच मिनिटं विश्रांती."

कोणी पाणी प्यायलं, कोणी मांजराला बिस्किट घातलं. लोइझोसने मान वर केली तर समोर राझिये उभी होती. आज न ऐकण्यासारखं काही असणार नव्हतं, म्हणून तिने फोन काढला नव्हता की पाठ फिरवली नव्हती. ह्या जागी, ह्या वेळेला, सोळा वर्षांत त्याने तिची फक्त पाठ पाहिली होती. चेहरा थकलेला होता आणि त्याच्यापेक्षा चार वर्षांनी म्हातारा होता. त्याचा हात खिशातल्या फोटोवर गेला. कागद, पान्देलिस, यंत्र, सगळं गेलं खड्ड्यात, एकदा शेवटचं एव्हागोरसचं नाव घ्यायचं, असं ठरवून त्याने तोंड उघडलं. बाहेर आलं ते भलतंच.

"ह्या बाईंच्या वडिलांचं नाव शेवकेत," तो म्हणाला. "त्रेसष्टच्या डिसेंबरात, नाताळच्या आठवड्यात, ते सकाळी बेकरीत कामाला निघाले."

"कंडक्टर होते," राझिये म्हणाली.

"मला डेन्मार्कच्या बाईंनी बेकरी सांगितली."

"डेन्मार्कच्या बाईंना काय कळतंय? बसवर कंडक्टर होते."

"कंडक्टर होते," लोइझोस म्हणाला. "त्यांना बसमधून उतरवलं." इथे तो अडला. आजवर त्याच्या इतिहासात असली कामं कोणी करत नसे, ती आपोआप होत. "आमच्या माणसांनी उतरवलं. आमच्या माणसांनी मारलं आणि विहिरीत टाकलं. माझ्या गल्लीतलेही असतील. माझा बाप त्या आठवड्यात घरी नव्हता. तो कुठे होता हे मी त्याला कधी विचारलं नाही. चौदा वर्षांपूर्वी तो गेला, आता विचारायचीही सोय नाही."

मांजर सोडून कोणी हललं नाही. पान्देलिस पुढे झाला. "काका, झालं तेवढं पुरे. हे कागदात नाही."

"नाही," लोइझोस म्हणाला.

"उद्यापासून यंत्रं लागतील. मी आधीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

लोइझोसला स्वतःचाच राग आला होता. जी दोन मिनिटं राखायला तो इतकी वर्षं ऊन खात उभा राहिला, ती त्याने दुसऱ्याच्या बापावर खर्च केली होती. एव्हागोरसचं नाव आज पलीकडे जाणार नव्हतं, उद्याही नाही. त्याने माणसं मोजायला सुरुवात केली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

"मोजू नकोस," राझिये म्हणाली. ती त्याच्या अगदी जवळ आली होती आणि हळू बोलत होती. "हे मला तुमच्याकडच्या एकानेही कधी सांगितलं नाही. पेटी दिली तेव्हाही नाही. फॉर्मवर सही घेतली."

"उशीर झाला मला."

"झालाच. माझा मामा चौऱ्याऐंशीचा आहे. माझ्याच घरी असतो. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात तो भट्टीपलीकडे पहाऱ्यावर होता."

लोइझोसने तिच्याकडे पाहिलं. रागवावं की पाय धरावेत ते त्याला कळेना. "सोळा वर्षं," तो म्हणाला.

"हो, सोळा वर्षं. जेवतो, झोपतो, टीव्ही बघतो. घरात कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. का नाही, ते तुला मी समजावून सांगायला नको." तिने हात पुढे केला. "फोटो दे."

आईने तो फोटो कधी कोणाच्या हातात दिला नव्हता, आणि त्यानेही नाही. त्याने तो दिला. तिने तो पर्समध्ये न ठेवता हातातच धरला.

"ह्यांना मशीद दाखवून कोणाबरोबर तरी परत पाठवते," ती म्हणाली. "मला दोनला यायला जमेलच असं नाही. तो लवकर बोलणारा माणूस नाही."

ती सतरा माणसं घेऊन उत्तरेच्या चौकीकडे गेली. पान्देलिस काहीतरी बोलत राहिला आणि मग दक्षिणेकडे निघून गेला. दोन वाजता माणसं परत आली, राझिये आली नाही. लोइझोस पाच वाजेपर्यंत कुंड्यांपाशी उभा होता. मग चौकीवरच्या पोलिसाने त्याला एक खुर्ची आणून दिली.