इथं ऊन येतंय

काकूंना एक जागा पटेल तर शपथ. गाडी नदीकाठी लावा, झाडाखाली लावा, नाहीतर मोकळ्या मैदानात लावा. त्या खाली उतरणार, कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारणार आणि नाक मुरडणार. "इथं ऊन येतंय." ऊन नसेल तर मुंग्या. मुंग्या नसतील तर नळ लांब, नाहीतर शेजारच्या चुलीचा धूर. मिस्त्री टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेले की काकू स्वतः चावी फिरवायच्या, गाडी हातभर मागे नाहीतर वीतभर पुढे घ्यायच्या, एखाद्या चाकाखाली फळी सारायच्या आणि मग कुठं त्यांचा जीव शांत व्हायचा. मिस्त्री परत येऊन बघतात तो गाडी हललेली आणि चहा तयार.

"हिनं एकदाही मी दाखवलेल्या जागेवर बूड टेकलं असेल तर सांगा," असं मिस्त्री गाड्यांच्या प्रत्येक तळावर नव्या शेजाऱ्यांना रंगवून सांगायचे. शेजारी हसायचे. काकूही हसायच्या.

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांची घरं बांधली आणि हात थकल्यावर स्वतःसाठी चाकांवरचं घर घेतलं. जुनं मोटारहोम. आत एक पलंग, एक ओटा, एक घडीचं टेबल, मोरी आणि माणूस कसाबसा वळेल एवढी वाट. काकूंना साखरेचा आजार, त्यामुळे इन्सुलिन थंड ठेवायला फ्रीज हवाच. त्यावरून मुलानं निघतानाच अट घातली होती. "फ्रीज चालतोय तोवर खुशाल फिरा. फ्रीजनं दगा दिला की गाडी सरळ माझ्या दारात." मिस्त्री हसून हो म्हणाले होते. फ्रीजसारखी गोष्ट आपल्याला हरवेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

गाडी विकणाऱ्यानंही एक गोष्ट बजावली होती. ह्या फ्रीजला मोटर नसते. मागच्या बाजूला गॅसची छोटी ज्योत जळते, तिच्या उष्णतेनं नळ्यांतला द्रव वर चढतो आणि उतारानं आपला आपण खाली येतो. गाडी तिरकी उभी राहिली तर तो मध्येच अडकतो आणि फ्रीज रुसतो. "तेव्हा गाडी लेव्हलमध्ये लावत जा," तो म्हणाला होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं माशाला पोहायला शिकवलं. मिस्त्रींच्या नजरेतच ओळंबा होता. भिंत केसभर झुकली असली तरी लांबून सांगायचे. सपाटी तपासायची पाणसळ त्यांच्या पेटीत असायची, पण ती हाताखालच्या पोरांची खात्री पटवण्यापुरती.

मागच्या वर्षी त्यांच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं आणि सगळं जग गरगर फिरायला लागलं. बरेच दिवस ते अंथरुणाला खिळून होते. तोल हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले. पुढे तपासून गाडी चालवायलाही परवानगी दिली. मिस्त्रींनी मात्र स्वतःला त्याच्या कितीतरी आधी, भिंतीला न धरता नळापर्यंत चालत गेले त्याच दिवशी, खडखडीत बरं जाहीर केलं होतं. त्यानंतर पुन्हा तोच क्रम. गाडी लावायची, खाली उतरायचं, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "बसली!"

आणि मग काकूंचं नाक मुरडणं.

ह्या खेपेला मात्र काकूंना उतरता येत नव्हतं. मागच्या मुक्कामी पायरीवरून पाय घसरला, घोटा मोडला आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. त्या पलंगावर उशांना टेकून बसलेल्या. टेकडीच्या कुशीतल्या एका तळावर मिस्त्रींनी गाडी लावली, उतरले, एक डोळा मिटला. "बसली!"

काकूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "अहो, इथं ऊन येतंय. जरा मागे घेता का?"

"पडदा ओढ," मिस्त्री म्हणाले आणि टॉवेल घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणी पातळ झालं होतं. दुपारपर्यंत दूध नासलं. मिस्त्रींनी फ्रीजमध्ये हात घातला तर आत बाहेरच्याइतकंच ऊबदार.

शेजारच्या गाडीत दोन कुत्री घेऊन फिरणाऱ्या एक बाई होत्या. बातमी कळताच त्यांनी काकूंची इन्सुलिनची पिशवी उचलली आणि आपल्या फ्रीजमध्ये ठेवली. "आजची काळजी मिटली. पण उद्या सकाळी उठून मी निघणार हं," त्या म्हणाल्या. मिस्त्रींना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

मग हत्यारांची पेटी उघडली. गाडीच्या बाहेरच्या बाजूची जाळी काढली. ज्योत बघितली, तर निळी, स्वच्छ, तोंडात बोट घालावं अशी. तरी ती विझवून त्यांनी गॅसचा जेट काढला, फुंकला, जुन्या टूथब्रशनं काजळी झाडली. धुराड्यातलं कोळ्याचं जाळं काढलं. गॅसची टाकी बदलली. फ्रीजच्या दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली. ती घट्ट, रबर शाबूत. पुन्हा ज्योत पेटवली. थोड्या वेळानं मागची नळी हात भाजेल इतकी तापली, म्हणजे मागं सगळं जिथल्या तिथं. आणि आत? आत तसंच गरम. मिस्त्रींनी हात टेकले.

"अहो," आतून काकूंचा आवाज आला, "गाडी थोडी मागे घ्या ना. खरंच ऊन येतंय."

"नंतर."

काही वेळानं पुन्हा. "त्या नळाकडे घेतली तर? सावली आहे तिकडं."

मिस्त्री काजळीनं माखलेले हात घेऊन दारात उभे राहिले. "अगं, इथं माझा जीव टांगणीला लागलाय, तुझं औषध उद्या कुठं ठेवायचं ते कळत नाहीये, आणि तुला उन्हाची पडलीय! चल घरी, मुलाच्या गॅलरीत बस सावलीत! मग तर झालं?"

काकूंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. ते बघून मिस्त्रींना जास्तच वाईट वाटलं. घरी जायचं त्यांच्यापेक्षा काकूंच्या जास्त जिवावर आलं होतं. रोज सकाळी खिडकी उघडली की नवं काहीतरी दिसतं, ह्या एका सुखासाठी त्या बोटाला सुई टोचून घेताना गाणं गुणगुणायच्या.

समजूत काढायला म्हणून मिस्त्रींनी चहा टाकला. साखरेचा डबा उघडला तर आत मुंग्यांची रांग. काकू डबा नेहमी एका पसरट थाळीत ठेवायच्या आणि थाळीत पाणी भरायच्या, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. काकू आजारी, त्यामुळे थाळी कोरडी पडली होती. निदान एवढं तरी करावं म्हणून मिस्त्रींनी थाळी ओट्यावर ठेवून तांब्यानं पाणी ओतलं.

पाणी सगळं एका अंगाला गेलं. तिकडं काठोकाठ भरलं, थेंबभर सांडलंही. दुसऱ्या अंगाला थाळीचा तळ कोरडा ठणठणीत, आणि त्या कोरड्या वाटेनं एक मुंगी डब्याकडे ऐटीत निघालेली.

मिस्त्री तांब्या हातात धरून बघत राहिले. त्यांनी थाळी फिरवून ठेवली. पाणी पुन्हा त्याच अंगाला. मग त्यांना थाळीच्या आतल्या कडेवर चाकूच्या टोकानं ओढलेली एक बारीक रेघ दिसली. कडेभोवती पूर्ण फिरलेली, सगळीकडं सारख्या उंचीवर. अशी रेघ मुंग्यांसाठी कोणी ओढत नाही, हे गवंड्याला सांगावं लागत नाही.

"अगं," मागं न वळता ते म्हणाले, "ही रेघ कसली?"

काकूंनी पांघरुणाची घडी सारखी केली.

"विचारतोय मी. रेघ कसली?"

"लेव्हलची," काकू हळूच म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुमचा कान बरा झाल्यापासून. म्हणजे, बरा झाला असं तुम्ही म्हणालात तेव्हापासून."

चहा उतू गेला. मिस्त्रींनी गॅस बंद केला आणि पलंगाच्या कडेवर येऊन बसले.

"मग ते ऊन?"

"नव्हतंच."

"मुंग्या?"

"मुंग्या एकदा होत्या," काकू प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"धूर? नळ लांब?"

काकूंनी 'तेही नव्हतं' अशी मान हलवली.

"आणि हे शिकवलं कोणी तुला?"

"तुम्हीच. आपलं घर बांधताना लेव्हलची पाणी भरलेली नळी धरायला माणूस नव्हता. तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या. 'पाणी खुणेला टेकलं की बोल, उगाच अंदाजानं बोलू नको,' म्हणून ओरडला होतात. विसरलात?"

मिस्त्री विसरले नव्हते. त्या घराची एकही फरशी आजवर उचकटली नव्हती.

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? खाली उतरून एक डोळा मिटून 'बसली' म्हणायचात, तेव्हा तुमचा चेहरा असा खुलायचा... आजारपणात तो चेहरा मला बघायला मिळाला नव्हता. माझं काय, दोन मिनिटांचं काम."

"आणि मी तळातळावर तुझी थट्टा करत फिरलो."

"करा की. थट्टेनं माझं काही झिजलं नाही."

मिस्त्रींना आधी लाज वाटली, आणि मग भीतीही, कारण जी नजर त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला तपासू दिली नाही, तीच आता भरवशाची राहिली नव्हती. पण लाज आणि भीती ओसरल्यावर जे उरलं ते त्या दोन्हींहून मोठं होतं. वर्षभर रोज चहात साखर घालताना ती थाळी त्यांच्या नाकासमोर होती. वर्षभर ही बाई त्यांची चूक निस्तरत होती आणि वर 'चोखंदळ' म्हणून नाव कमावत होती.

"फार केलंस गं माझ्यासाठी," ते म्हणाले. डोळे पुसायला गेले तर हाताची काजळी गालाला लागली. काकूंनी पदर ओला करून ती पुसली.

"आता उठा. नाहीतर औषध जाईल कुत्र्यांबरोबर फिरायला," काकू म्हणाल्या.

थाळी काकूंच्या पलंगाजवळच्या टेबलावर ठेवली. मिस्त्री गाडीच्या चाकाशी बसले आणि काकू आतून सांगू लागल्या. "तुमच्या बाजूचं मागचं चाक. फळी घाला... घ्या मागे. अजून... अजून थोडं. थांबा! पुढचं राहिलं." मिस्त्री फळ्या सारत होते, चढवत होते, उतरवत होते, आणि एकदाही एक डोळा मिटत नव्हते. शेवटी पाणी सगळीकडून रेघेला टेकलं. काकू म्हणाल्या, "बसली."

दिवे लागेपर्यंत मिस्त्रींनी इतक्यांदा फ्रीज उघडून पाहिला, की काकू वैतागल्या, असा उघडत राहिलात तर तो गार कसा होणार! पण झाला. आधी आतला वरचा पत्रा, मग पाण्याची बाटली. सकाळी कुत्रेवाल्या बाई पिशवी घेऊन आल्या, तेव्हा फ्रीज चांगला थंडगार झाला होता. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि बाईंच्या दोन्ही कुत्र्यांना बिस्किटं घातली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "बाबा, सगळं ठीक ना? काल आईचा आवाज बरा वाटला नाही. फ्रीज चालतोय?"

"काल बंद पडला होता. आता चालतोय."

"का? काय बिघडलं होतं?"

काकू पलंगावरून खुणा करत होत्या. ओठांनी सांगत होत्या, "काजळी... काजळी म्हणा." म्हणजे त्या आजही त्यांना झाकायला तयार होत्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"फ्रीज नव्हता बिघडला. गाडी मी वाकडी लावली होती. कानाच्या आजारापासून वाकडीच लावतोय. वर्षभर तुझी आई गुपचूप सरळ करत होती. ती पडली म्हणून उघडं पडलं."

काकूंनी डोळे मिटून घेतले. आता मुलगा परत बोलावणार, असं दोघांनाही वाटलं.

"तुम्ही हे स्वतःहून सांगताय, बाबा?" मुलगा म्हणाला. "घरकुलाची भिंत तिरकी आहे म्हटल्यावर माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतात. माझ्या शाळेसाठी तुम्ही केलेल्या मातीच्या घरकुलाची!"

"ती सरळच होती," मिस्त्री म्हणाले.

मुलगा हसला. "अट फ्रीजची होती आणि फ्रीज चालतोय. पण कान पुन्हा दाखवायचा. आणि गाडी आई सांगेल तशी लावायची."

"ती सांगेल तशीच लावणार," मिस्त्री म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ काकूंचा हात हातात घेऊन बसले.

पुढचा मुक्काम एका मोठ्या तळ्याच्या काठी होता. मिस्त्रींनी गाडी थांबवली. उतरले नाहीत. आधी मागं जाऊन थाळीत पाणी ओतलं, मधोमध साखरेचा डबा ठेवला, थाळी काकूंच्या टेबलावर सरकवली आणि पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"कुठं घेऊ?"

आभाळ भरून आलं होतं. तळ्यावर उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता. काकूंनी थाळीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि नाक मुरडलं.

"अहो, इथं ऊन येतंय."

"फार ऊन आहे खरं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी गाडी हळूच मागे घेतली.