ओटो, ऱ्हायनो आणि खीर

हा शब्द ज्याने काढला ना, तो मला एकदा भेटायलाच हवा! ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी. अमेरिकेतले डॉक्टर बोलणार आणि आम्ही कर्वे रोडवर हेडफोन लावून ते टाइप करणार, अशी ती नवी नोकरी. शेवटच्या चाचणीत हा शब्द फोडून, मुळासकट सांगायचा. मी दोनदा आपटले होते. श्यामसुंदर सर म्हणाले, "आम्रपाली, उद्याही अडखळलात तर परवा येण्याचे कष्ट घेऊ नका."

आणि मला ही नोकरी हवीच होती हो! "पोरगी कंप्यूटरवर हाय," असं आई अख्ख्या वारज्याला आधीच सांगून बसली होती.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती, मी घोकत होते. "ओटो म्हणजे कान, ऱ्हायनो नाक, लॅरिंग घसा, लॉजी म्हणजे शास्त्र. सगळं ग्रीक."

"मंग सरळ कान-नाक-घसा म्हणायले काय होते त्यायले?" आमची आई वर्ध्याची. "थांब. विहारात वंदना कशी शिकली तू? मी एक तुकडा म्हणतो, तू मांगून म्हण."

झालं! पिठाच्या हातांनी आई "ओटोऽ" म्हणाली, मागून मी "ओटोऽ". अगदी वंदनेच्या चालीत. भाकरी करपली, पण शब्द बसला.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले आणि पहिलाच तुकडा आठवेना. डोळे मिटले, हात आपोआप जोडले गेले. "ओटोऽ, म्हणजे कानऽ" चालीवरच निघालं. मागच्या बाकावरून आमच्याच विहारातली निकिता सवयीने "ओटोऽ" म्हणाली! "ऱ्हायनोऽ"ला चार-पाच जणी, "लॅरिंगऽ"ला सगळा वर्ग. "लॉजीऽ, म्हणजे शास्त्रऽ" झालं आणि, अगं बाई, वंदनेच्या शेवटी म्हणतो तसं तोंडातून गेलंच, "साधु! साधु! साधु!"

मेले, संपलं आता.

सर चष्मा पुसत म्हणाले, "चूक सापडली नाही. वाईट वाटतंय. आता प्रसादबिसाद असतो का?"

"खीर असते, सर. पण नोकरी लागली तर."

"मग उद्या आणा. साखर बेताची."

मी धडाधड जिना उतरले, पीसीओ गाठला, शेजारच्या दुर्गाबाईंकडे फोन लावून आईला बोलावलं. "आई, लागली!"

पलीकडे नुसतं नाक ओढणं. मग हळूच आवाज आला, "ओटोऽ."

"ओटोऽ," मी म्हणाले, हसत, रडत. मीटर पळत होता, रांगेतले लोक खेकसत होते. आम्ही दोघी लॉजीपर्यंत जाऊनच थांबलो.