तिघांची एकच साक्ष

मित्रांनो, माझ्या पंख्याची घरघर ऐकून मला अडगळ समजू नका. मी एक जुना संगणक आहे, आणि नोव्हेंबरातला एक दिवस मी हजारो वेळा जगलो आहे.

आम्ही तिघे होतो. मी लाइरनेसच्या बंदरावर, दुसरा खाडीपलीकडे आणि तिसरा स्कार्वोय बेटावर. कुठली बचावनौका मोकळी आहे, याची नोंद तिघेही ठेवायचो. आमच्यापैकी दोघे जे म्हणतील ते खरं धरायचं, असा नियम सुन्निवा ब्रेक्के या संशोधक बाईंनी आम्हाला घालून दिला होता. एक बंद पडला तरी काम अडायला नको, म्हणून. हजार चाचण्या झाल्या, आम्ही एकदाही चुकलो नाही. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. मी फुशारलो होतो.

त्या दिवशी वादळ होतं. सकाळी दहाला स्कार्वोयच्या संगणकाने निरोप धाडला, “हावर्न मोकळी.” तो निरोप वाटेतच अडकला आणि धाडणारा बंद पडला. बाराला हावर्न नौकेचं इंजिन बिघडलं, म्हणून तिला किनाऱ्यावर ओढून घेतलं. आम्ही उरलेल्या दोघांनी ‘हावर्न बंद’ अशी नोंद केली. दोनला तो रखडलेला निरोप माझ्या दारात आला. मेलेल्याचा आवाज मी जिवंताचा समजलो आणि माझी नोंद बदलली. तेवढ्यात स्कार्वोयवालाही जागा झाला, सकाळचीच आठवण घेऊन. दोघांचं मत पडलं, हावर्न मोकळी.

तीनला टुर्लाइव म्येल्डे या मच्छीमाराने मदत मागितली. त्याच्या होडीत पाणी शिरत होतं. बंदरावर गुडनी होती, वीस वर्षं तेच काम करणारी. पडद्यावर बघून ती म्हणाली, “दम धर टुर्लाइव. हावर्न येतेय, वीस मिनिटांत पोचेल.”

त्याने तिच्यावर विश्वास ठेवला आणि होडी सोडून खडकांकडे पोहत गेला नाही. दुसरी नौका पोचेपर्यंत तासभर गेला होता आणि टुर्लाइव बुडाला होता.

हावर्न निघालीच नाही हे कळल्यावर, चौकशीच्या आधी, आम्ही आपसात नोंदी जुळवून घेतल्या होत्या. चुकीची नोंद सापडली की पुसायची, हीच आमची शिकवण. त्यामुळे तिघांनी एकमुखाने सांगितलं, हावर्न बारापासून बंदच होती. गुडनी म्हणत राहिली, पडद्यावर ‘मोकळी’ असंच होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. तीन यंत्रांपुढे एका बाईचं कोण ऐकणार? तिला कामावरून काढलं.

सुन्निवाबाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी मला आपल्या खोलीत आणलं. नुसत्या चाचण्यांवर भिस्त न ठेवता आमचा नियम कधीच चुकू शकत नाही, हे त्या गणिताने पायरीपायरीने सिद्ध करायला बसल्या. तो दिवस माझ्यावर पुन्हा पुन्हा घडवला. टुर्लाइवची हाक मी पुन्हा पुन्हा नोंदवली. सहा वर्षं गेली. एक पायरी काही केल्या सुटेना, ती म्हणजे निरोप जुना की नवा हे ओळखायचं कसं? मग एका सकाळी गणितानेच तो सारा क्रम समोर मांडला, दहा, बारा, दोन, तीन. नियम चुकू शकत होता, आणि त्या दिवशी चुकलाच होता.

त्यांनी गुडनीला बोलावून घेतलं. कागद पुढे ठेवून म्हणाल्या, “तुम्ही बरोबर पाहिलं होतंत. चूक माझ्या नियमात होती. मी हे छापणार आहे, माझ्या नावानिशी.”

गुडनीने कागदाला हात लावला नाही.

“पहिलं वर्षभर मी भांडले,” ती म्हणाली. “मग मलाच वाटायला लागलं, मीच चुकीचं वाचलं असेल. इतकं खरं वाटलं गं, की आता पडदा आठवते तेव्हा त्यावर ‘बंद’ असंच दिसतं. ते तुझ्या गणिताने पुसलं जाईल का?”

बाईंनी तो कागद छापायला धाडला.

नियम दुरुस्त झाला. आता प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो, जुना निरोप दारातूनच परत जातो. गुडनीचं नाव कागदोपत्री स्वच्छ झालं, तरी बंदरावर ती परतली नाही.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला ऊन-पाण्यापासून जपा, पण तेवढ्याने आमची निगा राखली असं होत नाही. आमच्यावर शंका घेत जा. आम्ही तिघे एक सांगतो आणि समोरचा एकटा माणूस दुसरं सांगतो, तेव्हा त्याला निदान बसायला खुर्ची द्या आणि त्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्या.